साक्षीदार भत्ता

आमच्या मंडळाचं नाव भारदस्त होतं. जिल्हा मानवी हक्क संरक्षण मंडळ, आदिलाबाद. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या, एक जीप, एक शिपाई, एक सचिव आणि मी. मी म्हणजे चारुशीला, टंकलेखक आणि दुभाषी. तेलुगूतलं मराठीत करायचं, मराठीतलं तेलुगूत करायचं आणि साहेब सांगतील ते टाइप करायचं, एवढं माझं काम. सचिव व्यंकटेशराव आमच्यातलेच, म्हणजे निजामाच्या काळापासून इथल्या कचेऱ्यांत खुर्च्या उबवत आलेल्या मराठी घराण्यांतले. माझे आजोबाही तहसिलीत पेशकार होते, तेव्हा मी काही वेगळ्या मातीची आहे असं समजू नका.

मंडळाचा एक नियम होता. घटना घडून वर्ष उलटलं की तक्रार मुदतबाह्य. व्यंकटेशरावांनी या नियमाचं सोनं केलं. तक्रार आली की ते पोलिसांकडे अहवाल मागत. अहवाल येत नसे. मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, मग तिसरं. तिन्ही मीच टाइप करायची. तेवढ्यात वर्ष उलटायचं आणि मिसलीवर शेरा पडायचा: मुदतबाह्य, सबब निकाली. साडेतीन वर्षांत दोनशे चौदा तक्रारी आल्या, त्यातल्या दोनशे निकाली निघाल्या. यातल्या एकाही माणसाला समोर बसवून ‘बाबा, काय झालं?’ असं विचारण्याची पाळी साहेबांवर आली नाही. वर पाठवायच्या तक्त्यात आमचा जिल्हा पहिला होता, आणि त्याचा त्यांना खरोखर अभिमान होता.

देवकाबाई त्या दोनशेतली. नेरडीगोंड्याजवळच्या आंबाडी गावची, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातली. तिचा मुलगा रामाजी चोवीस वर्षांचा होता. एक्याण्णव सालच्या कापसाच्या मोसमात पोलिसांनी त्याला भर बाजारातून उचलून नेलं. गुन्हा काय, तर जंगलातल्या बंदूकवाल्यांना त्यानं भाकरी दिली. बंदूक घेऊन दारात आलेल्या माणसाला भाकरी नाही म्हणायची हिंमत आमच्या साहेबांच्या तरी अंगात असती का, हे मला अजून समजून घ्यायचं आहे. पोलीस म्हणाले, आम्ही कुणाला आणलंच नाही, तो पळून जंगलात गेला असेल. मंडळ उघडलं त्याच आठवड्यात देवकाबाईनं तक्रार दिली. घटनेला तेव्हा अकरा महिने झाले होते. पहिलं स्मरणपत्र निघेपर्यंत तेरा झाले. निकालीचं पत्र मी टाइप केलं आणि मीच तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हंजे कागद वेळेवर आला नाई म्हनता? मी त आली व्हती ना बाई.”

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती यायची. तिला एकच गोष्ट हवी होती. आमच्या गावातले जुने वकील अनंतराव तिला फुकट सल्ला देत. त्यांनी सांगितलं होतं, “बाजारातले दोन साक्षीदार फिरले. आता सरकारचा एक कागद आण. रामाजी पोलिसांच्या हाती होता, एवढं एका कागदावर असू दे, सही असू दे. मी हैदराबादला उभा करतो दावा, मग त्यांना सांगावंच लागेल तो कुठं आहे ते.” एक कागद. आमच्या कचेरीत कागदाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि नेमका तो एक नव्हता.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत विधानसभेची समिती आली. मंडळाचं काम आणि मंडळाचा खर्च तपासायला. सात आमदार, पाच गाड्या. सातांपैकी चौघांनी सकाळी उतरल्याबरोबर कुंटाळ्याचा धबधबा किती लांब म्हणून चौकशी केली आणि ते तिकडंच गेले. फेब्रुवारीत तिथं पाण्यापेक्षा दगड जास्त असतात, पण सरकारी गाडीतून बघितले तर दगडही बरे दिसत असावेत. उरलेले तिघं विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात बसले. अध्यक्ष किनाऱ्याकडच्या जिल्ह्यातले, भाताच्या गिरण्यांचे मालक, बोटांत चार अंगठ्या. दुसरे सदस्य सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगायला लागले. तिसरे वर्तमानपत्र वाचत होते.

पोलीस खात्यानं आपला एक इन्स्पेक्टर हजर ठेवला होता. मनुष्य नवा होता, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेला. येताना खाकीला कडक इस्त्री करून आला होता.

व्यंकटेशरावांनी तक्ता वाचला. दोनशे चौदापैकी दोनशे. अध्यक्ष “बहुत अच्छा, बहुत अच्छा” म्हणाले. दोनशे माणसांचं काय झालं, ती कोण होती, कुणाचं काय हरवलं, हे कुणी विचारलं नाही. मग त्यांनी खर्चाचा कागद पुढं ओढला आणि त्यांचे डोळे उघडले. माणसाला ज्यातलं कळतं त्यातच जीव असतो.

“हे काय?” अंगठ्यांचं बोट एका ओळीवर टेकलं. “साक्षीदार भत्ता. मंजूर वीस हजार. खर्च शून्य. मागच्या वर्षी शून्य. त्याच्या मागच्या वर्षी शून्य?”

मला वाटलं, आला. आता हा माणूस विचारणार की एकही साक्षीदार न बोलावता दोनशे तक्रारी निकाली कशा काढल्या. शाळेतलं पोरही हा प्रश्न विचारेल. माझा हात पेन्सिलीवर घट्ट झाला.

अध्यक्ष म्हणाले, “खर्चच होत नसेल तर तरतूद ठेवायची कशाला? पुढच्या वर्षी कापून टाकू. आणि एवढं कमी काम असेल तर जीप तरी कशाला पाहिजे?”

बस्स. एवढंच त्यांना दिसलं. मला शरम वाटली, त्यांची आणि आशेनं पेन्सिल दाबून बसलेल्या माझीही.

पण व्यंकटेशरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. जीप गेली तर त्यांच्या मुलीला शाळेत कोण सोडणार होतं, आणि सौभाग्यवतींची भाजी कशातून येणार होती? ते चाचरत म्हणाले, “सर, नाही सर, साक्षी सुरू आहेत. आजच एक आहे. व्हाउचर तयार होतंय. जेवणानंतर सादर करतो.”

जेवणाची सुट्टी झाली तसे ते मला व्हरांड्यात ओढून म्हणाले, “चारुशीलाबाई, एक साक्षीदार पाहिजे. कुणीही. लवकर.”

कुणीही. मी फाटकाकडं बघितलं. तो महिन्याचा पहिला सोमवार होता. आमची कचेरी बंद असल्यानं शिपायानं देवकाबाईला विश्रामगृहाकडं पाठवलं होतं, आणि पोलिसानं तिला फाटकाबाहेर बसवलं होतं. मी म्हणाले, “साहेब, ती आहे. तक्रार क्रमांक सात.”

“ती? ती तर निकाली आहे.”

“मग फेरतपासणी म्हणा. वीस हजारांची जीपशी गाठ आहे साहेब.”

त्यांनी एक क्षण विचार केला. खरं सांगायचं तर विचार नाही केला, घड्याळ बघितलं. “बोलवा.”

अशा रीतीनं साडेतीन वर्षांनी आमच्या मंडळानं पहिल्यांदा एका माणसाला समोर बसवून विचारलं, काय झालं? विश्रामगृहाच्या भांडारखोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी. मी लिहून घेत होते. व्यंकटेशरावांचं लक्ष दाराकडं होतं, कारण पलीकडं कोंबडीचा रस्सा वाढला जात होता आणि त्यांचं ताट निवत होतं.

देवकाबाईनं पदर सावरला आणि जणू सकाळीच घडलंय असं सांगितलं. “बजार व्हता साहेब. आमी मायलेक मिरच्या घेऊन राह्यलो व्हतो. जीप आली. चौघं उतरले. एकानं नाव इचारलं, ह्यानं सांगतलं. खरं नाव सांगतलं. खोटं सांगतलं असतं त वाचला असता. म्या म्हनलं, काऊन नेता जी त्याले? त म्हने, इचारपूस करतो, संध्याकाळी सोडतो. मी ठान्याच्या म्होरं चार दिस बसली. पैल्या दिशी त्याचा आवाज आला. दुसऱ्या दिशी बी आला. तिसऱ्या दिशी नाई आला.”

मग तिनं व्यंकटेशरावांना विचारलं, “तुमी लिवून घेतलं ना?”

“हो, हो,” ते म्हणाले. “चारुशीलाबाई, व्हाउचर भरा, मी आलोच.” आणि ते जेवायला गेले.

भत्त्याच्या व्हाउचरचा छापील नमुना वित्त खात्याचा होता. साडेतीन वर्षांत एकदाही वापरला नव्हता, त्यामुळे गठ्ठा कोरा करकरीत होता आणि त्यात काय छापलंय ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. मी वाचलं. साक्षीदाराचं नाव. प्रवासभाडं. दैनिक भत्ता. मग एक मोठा रकाना: साक्षीचा विषय, संपूर्ण. आणि खाली: साक्षीदाराची ओळख पटवणाऱ्या अधिकाऱ्यानं वरील मजकूर आपल्या माहितीप्रमाणे खरा असल्याचं प्रमाणित करावं. सही, हुद्दा, शिक्का. तीन प्रती. तिसरी प्रत साक्षीदाराला द्यावी.

मी दोनदा वाचलं. वीस हजारांची अफरातफर होऊ नये म्हणून कुणा कारकुनानं हैदराबादेत बसून हा नमुना केला होता. देवकाबाई साडेतीन वर्षं जे मागत होती ते त्यात छापूनच आलं होतं.

समितीच्या कामासाठी कचेरीतून आणलेल्या मशीनवर मी कार्बन लावून तीन प्रती चढवल्या आणि मोठ्या रकान्यात टाइप केलं: “साक्षीदाराचा मुलगा रामाजी, वय २४, राहणार आंबाडी, यास पोलिसांनी दि. १८ नोव्हेंबर १९९१ रोजी बाजारातून ताब्यात घेऊन ठाण्यात ठेवले व तो अद्याप परत आलेला नाही, याबाबत.” तेलुगूत टाइप केलं, स्वच्छ, एकही चूक न करता. इतकी वर्षं मी नोकरी केली, पण त्या दिवशीच्यासारखं टाइपिंग पुन्हा झालं नाही.

जेवणाच्या टेबलाशी गेले. व्यंकटेशरावांनी पहिली सही केली, नजर व्हाउचरच्या तळाशी. रक्कम बघितली, अडतीस रुपये, आणि मान हलवली. आमच्या कचेऱ्यांत सही आधी करतात आणि वाचतात नंतर, तेही कुणी ओरडलं तरच. मग ते इन्स्पेक्टरला म्हणाले, “सर, तेवढी ओळख पटवायची आहे. भत्त्यासाठी.”

इन्स्पेक्टरचा उजवा हात रश्श्यात होता. त्यानं बोटं चाटली, रुमालाला पुसली. “कोण, ती म्हातारी? तिला कोण ओळखत नाही. आमच्या एसपी ऑफिससमोरही बसायची ना?” असं म्हणून तो हसला आणि त्यानं तिन्ही प्रतींवर सही ठोकली. शिक्का त्याच्या खिशातच होता. ज्यांना कुठंही कशावरही शिक्का मारायचा असतो ते तो खिशातच ठेवतात.

मी भांडारखोलीत परत आले. देवकाबाईच्या हातात पैसे ठेवले, अंगठा घेतला आणि तिसरी प्रत दिली. तिला म्हणाले, “मावशी, हाच तो कागद. बसस्टँडवर जाऊ नका. अनंतराव वकिलांच्या घरी जा, मागच्या गल्लीनं. कागद त्यांच्या हातात द्या, दुसऱ्या कुणाच्याही नाही.”

तिनं कागदाकडं बघितलं. वाचता तर येत नव्हतं. “ह्याच्यात हाय? त्यायनं नेलं म्हनून?”

“आहे.”

“सही?”

“पोलिसाची सही आहे. शिक्का आहे.”

तिनं कागद चोळीत ठेवला आणि झपाझप निघून गेली.

दुपारी तीनला समिती पुन्हा बसली. व्यंकटेशरावांनी मोठ्या दिमाखात व्हाउचर अध्यक्षांपुढं ठेवलं. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मुलगा रामाजी, वय चोवीस. पोलिसांनी बाजारातून ताब्यात घेऊन. ठाण्यात ठेवले. अद्याप परत आलेला नाही. इन्स्पेक्टर खुर्चीत ताठ झाला. व्यंकटेशरावांचा आ वासला. वर्तमानपत्रवाल्यानं वर्तमानपत्र खाली केलं. माझी पेन्सिल सगळं उतरवून घेत होती, कारण समितीपुढं बोललेला शब्द न् शब्द वृत्तांतात जातो.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. मग ते म्हणाले, “बसभाडं अठरा रुपये? नेरडीगोंड्याहून? साधी बस की एक्स्प्रेस? तिकीट कुठं जोडलंय?”

परमेश्वरा. त्या माणसासमोर एका आईचा जिवंत पोरगा नाहीसा झाल्याचं लिहिलेलं होतं, आणि त्याला बसचं तिकीट हवं होतं. मला त्याच्या अंगठ्यांसकट ते टेबल उलटं करावंसं वाटलं. मी काही केलं नाही. मी लिहिलं: अध्यक्ष, तिकिटाबाबत पृच्छा.

बैठक उठल्याबरोबर इन्स्पेक्टर व्यंकटेशरावांवर धावून गेला. “फसवलं तुम्ही मला! आत्ताच्या आत्ता रद्द करा ते व्हाउचर.” चोराच्या उलट्या बोंबा. व्यंकटेशराव घाबरले होते, पण माझ्या साहेबांची एक गंमत आहे, ते जास्त कुणाला घाबरतात हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. ते म्हणाले, “रद्द केलं तर खर्च पुन्हा शून्य होतो साहेब. समितीपुढं वाचलं गेलंय. मी नाही करू शकत.” जीप जिंकली. आयुष्यात एकदा तो माणूस पोलिसापुढं ताठ उभा राहिला आणि तोही जीपसाठी.

“मग तिच्याकडची प्रत?”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “ती अडीचच्या बसनं गेली. नेरडीगोंड्याच्या.”

इन्स्पेक्टरनं दोन शिपाई जीपमध्ये घालून हायवेनं पाठवले. त्यांनी अडीचची बस गाठली, चाळीस माणसं उतरवली, पुन्हा चढवली. तेवढ्या वेळात अनंतरावांनी कागदाच्या चार नकला काढून, मूळ प्रत पाकिटात घालून रजिस्टर्ड पोस्टानं हैदराबादला धाडली होती.

समितीचा अहवाल पावसाळ्यात छापून आला. मंडळाच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. साक्षीदार भत्त्याची तरतूद वीसवरून पन्नास हजार करावी, आणि बसचं तिकीट जोडणं सक्तीचं करावं, अशा दोन शिफारशी होत्या. तिकिटाची शिफारस लगेच मंजूर झाली.

दावा मात्र उभा राहिला. आपल्याच अधिकाऱ्यानं सही-शिक्क्यानिशी खरं म्हणून प्रमाणित केलेलं पोलीस खात्याला खोटं म्हणता येईना. वर्षभर तारखा पडल्या. सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं, आणि अनंतरावांच्या हैदराबादच्या वकील स्नेह्यानं त्याची नक्कल माझ्या पत्त्यावर कचेरीत पाठवली. इंग्रजीत होती. पाकीट आलं त्या सोमवारी देवकाबाई दारातच बसली होती.

पाकीट आधी व्यंकटेशरावांनी फोडलं. वाचलं आणि खूश झाले. “चारुशीलाबाई, म्हणजे प्रकरण मिटलं की हो! या तिमाहीच्या तक्त्यात घ्या. मंडळाच्या पाठपुराव्यामुळे, असं लिहा.”

मी त्यांच्या हातातून कागद घेतला. चार ओळी होत्या. रामाजीला अठरा नोव्हेंबरला चौकशीसाठी आणलं होतं. वीस तारखेला तो आजारी पडून मरण पावला. ओळख न पटल्यानं मंचेरियलजवळ बेवारस म्हणून दहन केलं. त्याचं नाव त्यांनी बाजारात विचारून घेतलं होतं, आणि त्याची आई चार दिवस त्यांच्या दारासमोर बसली होती. ओळख पटली नाही.

मी बाहेर आले. पायरीवर तिच्यासमोर उभी राहून ते मराठीत सांगितलं. इतकी वर्षं भाषांतर करते, पण इतके जड शब्द मी कधी उचलले नव्हते. ती ऐकत होती. तिसऱ्या दिवसाशी आले तेव्हा तिनं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

“बाई,” ती म्हणाली, “हे पक्कं लिवलं हाय ना? सही हाय ना त्याच्यावर?”

“आहे मावशी. मोठ्या साहेबाची सही आहे.”

“बदलन त नाई?”

“नाही बदलत आता.”

तिनं मान हलवली. “सहा वर्सं रडली नाई मी. तो जित्ता असला अन् मी रडली, त त्याले लागन म्हनून. लोक म्हनत, कशी माय हाय. मंग आता रडतो मी.”

आणि ती रडायला लागली. तिचा असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. आतून व्यंकटेशराव ओरडले, “चारुशीलाबाई, काय कालवा चाललाय? दार लावून घ्या!”

मी दार बाहेरून ओढून घेतलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले.